वारा पडेपर्यंत

शिरीषदादा फोनवर कधी थेट मुद्द्यावर येत नाही. आधी ऑकलंडचं हवामान, मग मोटरवेवरची गर्दी, मग ‘माझ्या डोक्यात एक छोटीशी कल्पना आहे’ अशी प्रस्तावना; आणि ती छोटीशी कल्पना ऐकून होईपर्यंत माझा चहा थंड झालेला असतो. या एप्रिलच्या अखेरीस मी हॅमिल्टनला, माझ्या लायब्ररीत, परत आलेली पुस्तकं लावत होते. त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, “शुभा, मीना गेली.” मी पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबले... पुढचं वाक्य आलं नाही. दादाकडची वाक्यं संपलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

आता काही आठवडे उलटून गेलेत. तिच्या गावच्या साप्ताहिकात तिचा हेल्मेट घातलेला फोटो आला. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘तेजस्विनी’, ‘ज्वालेसारखी’ वगैरे विशेषणं दोन दिवस अखंड पडत होती. मीनाला ज्वालेची उपमा देणाऱ्यांना मीना फारशी कळली नव्हती असंच म्हणावं लागेल. ज्वाला विझवण्यात त्या बाईनं आयुष्यातला बराचसा फावला वेळ घालवला.

मीना माझी चुलत बहीण. नानाकाकांची मुलगी आणि शिरीषदादाची सख्खी धाकटी. ती इथं औषधशास्त्र शिकायला आली, आणि शिक्षण झाल्यावर कँटरबरीच्या मैदानातल्या एका लहानशा गावात औषधांच्या दुकानात नोकरीला लागली. तिथं दुसरं कुणी जायला तयार नव्हतं म्हणून तिला ती नोकरी मिळाली, आणि एका वर्षापुरती म्हणून गेलेली ही बाई तिथंच राहिली. नवरा ऑकलंडला परतला, ही परतली नाही. भांडण झालं का, असं आमच्या आत्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं होतं, “त्याला शहर हवं होतं, मला नको होतं.” गाव म्हणाल तर एक रस्ता, धान्याचं उंच कोठार, रग्बीचं मैदान, एक डेअरी, म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं दुकान, आणि एका खांबावर बसवलेला भोंगा. सायरन. तो वाजला की गावातली माणसं हातातलं काम टाकून आगीच्या गाडीकडे धावतात. पगारी नव्हेत, आपली आपली माणसं: शेतकरी, शिक्षक, मेकॅनिक. दलाचा प्रमुख रॉस, मीनाचा शेजारी. दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायचा आणि दिवसा गावात माणसंच नसतात म्हणून कुरकुरायचा. एके दिवशी मीना त्याला म्हणाली, मी असते की दिवसा. झालं, एवढीच तिची दलातली भरती. तिला विचारलं तर सांगायची, “दिवसभर लोकांचे खोकले ऐकून कंटाळा येतो गं. जरा बाहेरची हवा.”

काकू गेल्यावर नानाकाका या देशात आले ते या गावात राहायला. दादाचं ऑकलंडच्या हेन्डरसन भागातलं घर मोठं, देवघर स्वतंत्र, आणि खाली फक्त काकांसाठी म्हणून काढलेली खोली. ती खोली कधी वापरात आली नाही. काका आयुष्यभर साताऱ्याला भूगोल शिकवत होते. ते म्हणायचे, मैदानी प्रदेश मी मुलांना नुसता नकाशावर हिरवा रंगवायला लावला, आता जरा राहून बघतो. दादाला हे लागलं होतं. तो बोलला कधी नाही, पण त्यानंतर वडिलांसाठी तो जे जे करायचा ते एक माप मोठं असायचं.

काकांचं सहस्रचंद्रदर्शन त्यातलंच. दोन उन्हाळ्यांपूर्वी, जानेवारीच्या सुट्टीत, सगळ्या कुटुंबानं मीनाच्या गावी जमायचं असं दादानं ठरवलं. ‘नाना @ १०००’ नावाचा ग्रुप निघाला, त्याला बोधचिन्ह निघालं, बोधचिन्हाचे टी-शर्ट निघाले. टी-शर्टावर चंद्राच्या गोलात काकांचा चेहरा होता, आणि धुतल्यावर तो कृष्णपक्षासारखा कलेकलेनं कमी होत गेला, हे नंतरचं. मी, हेन्डरसनचा दादाचा गोतावळा, ऑकलंडमधल्याच मनुरेवाचे दोन भाचेजावई त्यांच्या कुटुंबांसकट, आणि ऑकलंडहून आणलेले भटजी. हे भटजी सोमवार ते शुक्रवार एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतात आणि शनिवार-रविवार आपल्याला. क्राइस्टचर्चच्या विमानतळावरून भाड्याच्या व्हॅन काढून आम्ही निघालो, तो रस्ता इतका सरळ की चालवणाऱ्याला स्टिअरिंगची आठवण राहावी म्हणून मधूनमधून उगाच एखादं वळण ठेवलं असावं. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं जव, पिवळंधमक, आणि लांब पश्चिमेला डोंगरांची ओळ.

काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी पाया पडले तर म्हणाले, “शुभा, एक शंका आहे. इथं दक्षिण गोलार्धात चंद्र उलटा दिसतो. मग इथले चंद्र हजारात धरायचे की वजा करायचे?” मीना आतून ओरडली, “बाबा, दादासमोर विचारू नका, तो वेगळी शांत काढेल.” पण हसता हसता काका हळूच म्हणाले, “होम मात्र हवा हो. माझ्या वडिलांचा झाला होता. आम्ही सगळी भावंडं धुरानं रडत होतो आणि आई म्हणत होती, रडा, हे रडणं चांगलं असतं...” एवढं बोलून ते डोंगरांकडे बघत राहिले. त्यांना तो होम खरोखर हवा होता. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

अडचण एवढीच होती की त्या महिन्यात सबंध जिल्ह्यात उघड्यावर काडी ओढायलाही बंदी होती. पाऊस नव्हता, गवत कागदासारखं झालं होतं, आणि मीनाच्या कुंपणापलीकडे रॉसचं जव कापणीसाठी उभं होतं. त्यात काकांना दुपारीच डोंगरांवर ढगांची कमान दिसली होती. डोंगर ओलांडून मैदानावर उतरणारा तो गरम, कोरडा वारा. इथले लोक त्याला नॉरवेस्टर म्हणतात आणि तो यायच्या आदल्या दिवशीपासून एकमेकांशी तुटक बोलायला लागतात. आमच्याकडे तुटक बोलायला वाऱ्याची गरज नव्हती.

“होम होणार नाही,” मीनानं संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. भांडं ठेवावं तसं वाक्य ठेवलं.

“छोटासा करू,” दादा म्हणाला. “एवढंसं कुंड आहे. मी मुद्दाम तांब्याचं आणलंय.”

“ठिणगी तांब्याची की पितळेची हे गवत विचारत नाही, दादा.”

“गॅरेजमध्ये केला तर?” एका जावयानं सुचवलं.

“गॅरेजात माझी गाडी आहे, पेट्रोलचा डबा आहे आणि बाबांचे जुने पेपर आहेत. याहून चांगली जागा नाही. करा.”

दादाची मुलगी अन्वी, जिला मराठी सगळं कळतं पण तोंडातून इंग्रजीच निघतं, ती म्हणाली, “डॅड, इट्स अ टोटल फायर बॅन. लाइक, टोटल.” दादानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मीनाकडे पाहत होता, आणि मग तो जे बोलला ते मला त्याच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त लक्षात आहे. “या देशात आल्यापासून आपण अ‍ॅडजस्टच करतोय, मीना. दिवाळी शनिवारी, गणपती दीड दिवसाचा, मुंज शाळेच्या सुट्टीत. आईचं कार्य मी ऑफिसच्या पार्किंगमधून व्हिडिओवर पाहिलं. बाबांचा हजारावा चंद्र एकदाच येणार आहे. एवढं एक मला नीट करू दे ना गं.”

 मीनानं हातातला डाव खाली ठेवला. मग ती म्हणाली, “मी या गावात घरोघर फिरून सांगितलंय, दादा. चुली लावू नका, गवत कापायचं यंत्र चालवू नका. रॉसचं वर्षाचं पीक उभं आहे तिथं. माझ्याच अंगणातून धूर निघाला तर उद्या मी त्या दुकानात कुठल्या तोंडानं उभी राहू?” काका ताटातला भात गोल गोल फिरवत होते. त्यांनी एकाचीही बाजू घेतली नाही. शेवटी भटजींनीच वाट काढली: बाकी सगळे विधी यथासांग, कुंडात समिधा रचायच्या, तूप वाढायचं, मंत्र म्हणायचे, अग्नी मात्र भावनेनं. भटजी म्हणाले, “टेस्टिंगमध्ये आम्ही असंच करतो.” मीना म्हणाली चालेल. दादाही ‘बरं’ म्हणाला. दादाचं ते ‘बरं’ आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ते तो पुढचं काहीतरी ठरवून झाल्यावर म्हणतो.

मीनालाही ते माहीत होतं. सकाळी नाश्त्याला तिनं सगळ्यांकडून काडेपेट्या आणि लायटर मागून घेतले, थेट मागून, विमानतळावर घेतात तसे. देवघरातली काडेपेटीसुद्धा पदरात बांधली. “देवानं आज विजेच्या दिव्यावर भागवावं,” म्हणाली. दादाच्या बायकोनं गुपचूप आपल्या पर्समधली एक पेटी काढून दिली. दादानं पायजम्याचे खिसे उलटे करून दाखवले. होमाला तो पीतांबर नेसणार होता आणि पीतांबराला खिसे नसतात, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही.

वारा सकाळपासूनच सुटला होता. अंगणात दादानं हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला तात्पुरता मांडव उभा केला होता, त्याचे चार पाय चार जणांनी धरून ठेवले होते. भाचेजावई दोनच असल्यामुळे उरलेल्या दोन खांबांना मी आणि अन्वी. पुण्यात मध्यरात्र उलटली होती, तरी तिथली मंडळी लॅपटॉपच्या पडद्यावर होती आणि ‘अरे वा, काय छान हवा आहे’ म्हणत होती. मीना पैठणी नेसून, कमरेला दलाचा पेजर लावून, कुंडाला अगदी लागून बसली होती. पाहुण्यांना वाटलं असेल, लेकीची माया. ती पहाऱ्यावर होती. काका सोवळं नेसून पाटावर. भटजी भराभर म्हणत होते. वाऱ्यानं त्यांचे अर्धे मंत्र रॉसच्या शेतात जात होते. संकल्प झाला, पूजा झाली, समिधा रचून झाल्या. सगळ्यांच्या नजरा दादाच्या हाताकडे होत्या आणि दादा कुणाकडेच पाहत नव्हता.

तेवढ्यात पेजर वाजला, आणि त्याच्या पाठोपाठ सायरन.

ज्यांनी तो आवाज ऐकलेला नाही त्यांना सांगायचं तर, तो पोटातून सुरू होतो. मीना उभी राहिली. मी तिचा चेहरा पाहत होते. एरवी तो वाजल्यावर ती दारातून कधी नाहीशी झाली हे कळतसुद्धा नाही, असं काकांनी सांगितलं होतं. त्या दिवशी ती दोन पावलं गेली आणि थांबली. तिनं कुंडाकडे पाहिलं, मग दादाकडे. “दादा, शब्द दे.”

“तू जा,” दादा म्हणाला.

“शब्द दे.”

“अगं, तू जा ना, माणसं खोळंबलीत.”

कुंपणापलीकडून रॉसची युट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, आली आणि त्यानं हॉर्न दिला. पश्चिमेला, डोंगरांच्या बाजूला, जमिनीला चिकटून एक करडी रेघ दिसायला लागली होती. कुणाच्या तरी कापणीच्या यंत्रातून ठिणगी पडली होती, ते नंतर कळलं. वारा तिकडूनच आमच्याकडे येत होता. मीनानं वडिलांकडे पाहिलं. काका पाटावरून म्हणाले, “जा.” तिनं पैठणी गुडघ्यापर्यंत खोचली, पायांत दारातल्या रबरी चपला, इथल्या जॅन्डल, सरकवल्या आणि पळाली. युटचं दार लागायच्या आत गाडी निघाली होती.

त्यानंतर अंगणात जे काही झालं ते फार हळू झालं. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि नको असताना सांगितलं की मुहूर्त अजून आहे. दादानं पीतांबराच्या निऱ्यांतून लायटर काढला. आमच्यापैकी एक जण म्हणाला, “शिरीष, राहू दे रे.” दादा म्हणाला, “दोन आहुत्या. फक्त दोन. बादली भरून ठेवतो शेजारी. बाबा, तुम्ही तूप हातात घ्या.” त्याचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. अन्वी खांब सोडून त्याच्याकडे धावणार होती; मी तिला डोळ्यांनी थांबवलं, कारण तिनं खांब सोडला असता तर मांडवच कुंडावर गेला असता. पुण्याहून पडद्यातली आत्या म्हणाली, “करून टाका रे पटकन, लेकी काय, येतील.” रेघ आता रेघ राहिली नव्हती, रुंद झाली होती. धुराचा वास आला, आणि तो आमच्या समिधांचा नव्हता.

नानाकाकांनी तुपाची पळी खाली ठेवली. पाटावरून उठले. “मला जाऊन यायचंय,” म्हणाले.

“आत्ता?” दादा म्हणाला.

“आत्ता.”

सोवळं सावरत ते आत गेले आणि मागच्या बाथरूमची कडी लागल्याचा आवाज आला. यजमानच उठल्यावर भटजींनी पोथी मिटली. आम्ही थांबलो. मांडव थांबला नव्हता, त्याला धरून आम्ही थांबलो. काही वेळानं दादा आत गेला. मी खांब जावयाच्या हातात दिला आणि मागून गेले.

“बाबा, बरं वाटतंय ना?”

“हो.”

“मग या बाहेर. मुहूर्त जातोय.”

“होत नाहीये रे अजून.”

दादा दारासमोर उभा होता, हातात तो लायटर. “बाबा, हे सगळं मी तुमच्यासाठी केलंय.”

 मग काका म्हणाले, “माहीत आहे मला.” फार मऊ आवाजात म्हणाले. त्या मऊपणानंच दादाला खाली बसवलं असं मला वाटतं. तो पॅसेजच्या भिंतीला पाठ लावून, पीतांबरासकट, जमिनीवर बसला.

मी घराला वळसा घालून मागे गेले. बाथरूमला एक लहान उभी खिडकी आहे, पश्चिमेला. तिच्यात काकांचा चेहरा होता. टाचा उंचावून, दोन्ही हातांनी चौकट धरून ते धुराकडे पाहत होते. मी अगदी खाली येईपर्यंत त्यांना मी दिसले नाही.

“काका?”

“वारा पडला का गं?”

“नाही.”

“मग त्याला सांग, अजून होत नाहीये.”

मी आत जाऊन दादाला तसंच सांगितलं.  त्यानं लायटर माझ्याकडे दिला. मुहूर्त गेला, पुण्याची मंडळी झोपाळली आणि एकेक करून पडद्यावरून मिटली, मांडव शेवटी उडून रॉसच्या कुंपणावर जाऊन बसला. कुणी आणायला गेलं नाही. जेवायचं कुणी नाव काढेना. सगळे आपले खिडक्यांजवळ. आणि काका कडीच्या आड. एवढी माणसं जमवून आम्ही इतकं शांत संमेलन भरवलं असेल असं दादालाही वाटलं नसेल.

दुपार कलताना वाऱ्याची दिशा फिरली, मग तो पडला. आगीची गाडी कोपऱ्यावर वळल्याचा आवाज आला. मीना फाटकातून आत आली ती दलाच्या अवजड पँटमध्ये, वर पैठणीचं ब्लाउज, चेहऱ्यावर काजळी, हातात गुंडाळलेली पैठणी. ती कुणाशीही न बोलता आधी कुंडाशी गेली. वाकून हाताची मागची बाजू समिधांवरून फिरवली, जशी ती जळालेल्या भिंतींवरून फिरवत असेल. गार होत्या. मग ती तिथंच गवतावर बसली आणि म्हणाली, “पाणी देता का कुणी?” पाणी दादानं आणलं. त्यानं भांडं दिलं, तिनं घेतलं. एकमेकांकडे पाहिलं नाही दोघांनी.

आत फ्लशचा आवाज आला. नानाकाका नाटक अर्धवट सोडणारे नव्हेत. कडी काढून, हात पुसत, ते बाहेर आले. मीना म्हणाली, “बाबा, बरं नाही का?” काका म्हणाले, “पोट बिघडलं. कालचे वडे.” वडे दादाच्या बायकोनं केले होते. तिनं त्या दिवशी तो आरोप निमूटपणे घेतला, आणि तिच्याबद्दल माझं मत त्या क्षणी कायमचं बदललं.

रॉसच्या जवाला काही झालं नाही. अलीकडच्या रस्त्यावर त्यांनी आग अडवली होती. दुसऱ्या दिवशी तो मांडवाचे वाकलेले पाय परत करायला आला. म्हणाला, मोठा कार्यक्रम होता म्हणे, कसा झाला? मीना म्हणाली, “स्वीट अ‍ॅज.” इथल्या बोलीतलं ‘एकदम झकास’. दादा हसला. फार नाही, पण हसला.

मी मीनाला निघण्याच्या सकाळी खिडकीची गोष्ट सांगितली. तिला गळा काढून रडणं वगैरे जमत नसे. ती कपाळ दारावर टेकवून हसत राहिली, बराच वेळ, मग म्हणाली, “चवड्यांवर उभे होते? या वयात? पडले असते म्हणजे!” पुढच्या खेपेला गेले तर खिडकीखाली एक स्टूल होतं. तिनं त्याच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे ठोकून ते काकांच्या उंचीचं केलं होतं, बसलं की डोळे बरोबर चौकटीच्या वर येतील असं. कारण त्या दिवसापासून सायरन वाजला की काका बाथरूममध्ये जाऊन कडी लावायचे आणि गाडी परत आल्याशिवाय बाहेर यायचे नाहीत. मीना म्हणायची, “पाहुणे असले की फार पंचाईत होते गं. एकच बाथरूम आहे.”

तिच्या स्वतःच्या कार्याविषयी तिनं सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं: माझ्या वेळी अग्नी द्यायचा तर आधी परवानगी काढा. प्रत्यक्षात तिनं वेळ सोयीची निवडली. पाऊस होऊन गेला होता, बंदी उठली होती, वारा नव्हता. सकाळी दुकानात औषधं देता देता ती खाली कोसळली. मेंदूत रक्तस्राव. लहान गावात अ‍ॅम्ब्युलन्स लांबून येते, म्हणून अशा वेळी आधी आगीचं दलच धावतं. म्हणजे सायरन वाजला तो तिच्यासाठी, आणि धावले ते तिचेच लोक.

घरी काकांनी तो ऐकला. उठले, मागे गेले, कडी लावली आणि स्टुलावर बसले. गाडी नेहमीसारखी कोपऱ्यावर वळलीच नाही, रॉस एकटा चालत आला. त्यानं दारावर टकटक केली, “नाना, इट्स रॉस.” आतून काका म्हणाले, “मीना घरी नाही. ती तुमच्याबरोबरच गेलीय ना?” हे त्यांनी त्याला इंग्रजीत सांगितलं, शांतपणे, गैरसमज दूर करावा तसं. रॉसला पुढे बोलता येईना. त्यानं हेन्डरसनला दादाला फोन लावला. दादा म्हणाला, फोन दाराला लावून धर. त्या दारातून बोलायची दादावर आयुष्यात दुसऱ्यांदा वेळ आली. तो काय बोलला ते त्यानं मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

निरोप द्यायला सगळं गाव आलं होतं. दलाची माणसं गणवेशात दोन रांगांनी उभी राहिली, पेटीवर तिचं हेल्मेट. मला अशा रांगा पाहिल्या की एरवी घड्याळाकडे बघावंसं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही, कारण त्यातल्या अर्ध्यांची बटणं चुकीची लागली होती. दादानं लॅपटॉप आणला होता, त्यात फोटो लावून तयार केलेलं लांब भाषण होतं. त्याचं नाव पुकारल्यावर तो उठला, सगळ्यांना ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार केला, तिच्या हेल्मेटवरून हाताची मागची बाजू फिरवली आणि जागेवर येऊन बसला.

नंतरचे काही दिवस मी आणि दादा काकांजवळ राहिलो. हेन्डरसनच्या खोलीचा विषय दादानं काढला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी, दुपारच्या चहाच्या वेळी, सायरन वाजला. आम्ही दोघं जिथल्या तिथं थिजलो. काकांनी कप खाली ठेवला, वॉकरला धरून उठले, आणि सावकाश पॅसेजमधून मागे गेले. कडी लागली.

दादा त्यांच्यामागे गेला. मला वाटलं आता हा दार वाजवणार, समजूत घालणार, त्याची वाक्यं परत आली असणार. त्यानं हात उचललाही होता. तो तसाच खाली घेतला आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला, त्या दिवशी पीतांबर नेसून बसला होता अगदी तिथंच. मी दारात उभी राहिले. चहावर साय धरली. बराच वेळ नुसतं स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर ऐकू येत होती... आणि मग कोपऱ्यावर गाडी वळली. आवाज घरासमोरून गेला, थोडा हळू होऊन गेला. त्यांनाही माहीत असणार.

“गाडी आली, बाबा,” दादा म्हणाला.

आतून काका म्हणाले, “सगळे आले?”

दादानं माझ्याकडे पाहिलं.  त्यानं डोकं मागे भिंतीला टेकलं, डोळे मिटले.

“गेले होते तेवढे सगळे आले, बाबा.”

आत स्टूल सरकलं. मग फ्लशचा आवाज आला, आणि कडी निघाली.